पंचवीस मिनिटं पुढे

कंपनीच्या साहेबानं काकांना फसवलं. यात ‘बहुतेक’ नाही आणि ‘गैरसमज’ही नाही. काका लिफ्टचे मेकॅनिक होते, साहेब त्यांच्या कंपनीचा सर्व्हिस मॅनेजर होता आणि उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये कॉम्प्युटरचं दुकान चालवणारा मी या दोघांच्या मधे बसलेला होतो. मधे बसलेल्या माणसाला दोन्ही बाजू दिसतात, म्हणून सांगतो.

कंपनीनं अंबरनाथ-उल्हासनगर-बदलापूर पट्ट्यातल्या आठ मेकॅनिकांना हातात मावणारे छोटे कॉम्प्युटर दिले होते. काचेवर काडीनं टोचून लिहायचे ते. कुठल्या बिल्डिंगच्या लिफ्टचं काय काम बाकी आहे, त्याची यादी त्यात असायची. सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला मेकॅनिकनं माझ्या दुकानात यायचं, तो छोटा कॉम्प्युटर, म्हणजे हँडसेट, माझ्या कॉम्प्युटरला जोडलेल्या खाचेत बसवायचा आणि तिथून ती यादी बंगळूरच्या सर्व्हरशी जुळवून घ्यायची. मेकॅनिकनं लिहिलेलं तिकडे जायचं, ऑफिसनं लिहिलेलं इकडे यायचं. या जुळवण्याला सगळे सिंक म्हणायचे. ऑफिसात इंटरनेट होतं, पण ऑफिस ठाण्याला आणि मेकॅनिक इकडे. म्हणून मी.

हे काम घेताना मी साहेबाला तीनदा खुर्चीतून उठू दिलं आणि तीनदा परत बसवलं. सगळं लेखी घेतलं. वायर कुणाची, वीज गेली तर काय, रविवारी शटर उघडायचं की नाही, सगळं. हातगाडीवर कॅसेटची रिकामी कव्हरं विकण्यापासून मी सुरुवात केली आहे. तोंडी शब्द दुसऱ्या दिवशी कसा विरतो ते मला कुणी शिकवायला लागत नाही. तरी एक गोष्ट तोंडी राहिली. ती कुठली, ते सांगतोच.

काका त्या आठांमध्ये सगळ्यात म्हातारे. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. राहायला अंबरनाथला, मोरिवलीच्या अलीकडे. बुटके, कानांवर केसांचे झुपके, खांद्याला कापडी पिशवी. त्या पिशवीत पान्यांच्या जोडीला स्टीलचा एक पेला असायचा, आणि तो पाणी प्यायला नव्हता. लिफ्ट दुरुस्त झाली की काका तो पेला काठोकाठ भरायचे, लिफ्टच्या मधोमध जमिनीवर ठेवायचे आणि शेजारी उकिडवे बसून वर-खाली फेऱ्या मारायचे. मोजून दहा. थेंब सांडला तर काम अपुरं. परत वर मशीनपाशी.

आमच्याच मार्केटमध्ये एका कापडवाल्याच्या बिल्डिंगमध्ये हा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. खाली गिऱ्हाइकं खोळंबलेली, हमाल गठ्ठे टेकवून बसलेले, आणि लिफ्टचं दार उघडलं की आत पेला आणि म्हातारा.

‘‘चाचा,’’ कापडवाला ओरडला, ‘‘ये लिफ्ट है के झूलेलाल का मंदिर? कितना पानी चढ़ाओगे?’’

काकांनी मान वर केली नाही. ‘‘सात हुआ. तीन बाकी.’’

दार मिटलं. कापडवाला माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘साईं, ये आदमी है के मशीन?’’ मी म्हटलं, मशीन असती तर आत्तापर्यंत बिघडली असती.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे घड्याळ. मनगटावरचं घड्याळ पंचवीस मिनिटं पुढे. घरातलं भिंतीवरचंही तसंच, मोबाइलवरचंही. हँडसेट मिळाला त्या दिवशी काडी हातात धरून पहिलं काम त्यांनी तेच केलं, वेळ पंचवीस मिनिटं पुढे सरकवली. संध्याकाळी सिंक केलं, तर माझ्या कॉम्प्युटरनं ती परत बरोबर करून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका माझ्या टेबलासमोर उभे.

‘‘मालक, तुमचं मशीन माझ्या घड्याळाला हात लावतं.’’

‘‘काका, ते चुकीचं घड्याळ बरोबर करतं.’’

‘‘चुकीचं नाही. पुढे आहे.’’

‘‘पुढे आहे हे तुम्हाला माहीतच आहे ना? मग मनात वजाबाकी करता आणि वेळेवरच निघता. उपयोग काय?’’

‘‘मला माहीत आहे,’’ काका म्हणाले, ‘‘घड्याळाला माहीत नाही. ते घाई करतं. मी त्याच्या मागे जातो.’’

या उत्तरावर मी आवाज चढवला. माझा आवाज पटकन चढतो. पण ते हलले नाहीत, मागे रांग लागली, आणि शेवटी मी त्यांच्या हँडसेटपुरती वेळ जुळवण्याची खूण काढून टाकली. हे मी केलं, माझ्या हातानं. लपवत नाही.

पंचवीसच का, ते त्यांनी एकदाच सांगितलं, मी चहा मागवला होता तेव्हा. तरुणपणी अंबरनाथच्या एका बिल्डिंगमधून फोन आला, माणूस अडकलाय. काका म्हणाले, दहा मिनिटांत येतो. हॉटेलात बसले होते, फोन तिथल्याच गल्ल्यावर आला होता, हातात वडा होता, समोर मित्र होता. पोचले ते सांगितल्यापेक्षा पंचवीस मिनिटं उशिरा. दार उघडलं. आत साठीचे एक गृहस्थ कोपऱ्यात बसलेले.

‘‘जिवंत होते हो,’’ काका म्हणाले. ‘‘काही झालं नव्हतं. फक्त धोतर ओलं झालं होतं. बाहेर सून उभी, नातवंडं उभी. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.’’

त्यांनी चहा अर्धा ठेवला. त्यानंतर मी घड्याळावरून त्यांना कधी बोललो नाही.

सिंक होताना बाकीचे मेकॅनिक बाहेर तंबाखू मळत उभे राहायचे. काका खाचेसमोर हात मागे बांधून उभे. पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत बोलायचे नाहीत. त्यांची पट्टी सगळ्यात सावकाश भरायची, कारण झालेली कामं ते यादीतून पुसू द्यायचे नाहीत. ‘‘केलंय ते का पुसायचं? उद्या तिनं विचारलं तर?’’

ती म्हणजे ठाण्याच्या ऑफिसात याद्या भरणारी मुलगी. काकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण सर्व्हरच्या पलीकडे कुणीतरी बसून आपलं लिहिणं वाचतंय, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून धरलं होतं, आणि त्यात ते बरोबर निघाले. इतर मेकॅनिक लिहायचे, ‘ऑइल डन’. काका इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे, कारण त्या डबड्यात मराठी अक्षरं नव्हती: ‘नमस्कार. दोरांना तेल दिले. पाणी सांडले नाही. चालू.’ आणि खाली ती लिहायची: ‘ठीक काका.’ एकदा लिहिलं होतं, ‘ठीक काका. आज ऊन फार आहे, टोपी घाला.’ तो हँडसेट त्यांनी मला तीनदा दाखवला. जगात त्यांना टोपी घाला म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. बायको वारली होती, मुलगा बदलापूरला वेगळा राहत होता.

आता ती तोंडी राहिलेली गोष्ट.

एकाच कामावर मेकॅनिकनंही काही लिहिलं आणि ऑफिसनंही लिहिलं, तर दोन्ही एकत्र ठेवण्याची अक्कल त्या प्रोग्रॅमला नव्हती. एकच लिखाण राहणार, दुसरं पुसणार. कुठलं राहणार, हे ठरवायला दोन पर्याय होते. एक, माणसाला विचारा. दुसरा, ज्याची वेळ नंतरची असेल ते ठेवा. सुरुवातीला मी ‘विचारा’ ठेवलं होतं. त्यामुळे व्हायचं असं, की मेकॅनिक अडायचा, ऑफिसला फोन लावायचा, तिकडे फोन लागायचा नाही, आणि माझ्या दुकानात संध्याकाळी आठ मेकॅनिक उभे. गिऱ्हाईक आत यायला जागा नाही.

एके दिवशी साहेबाचा फोन आला. ‘‘शेठ, ते विचारणं बंद करून टाका. नवीन असेल ते राहू दे. इथं दिवसभर फोनच घ्यावे लागतात. आणि यादीत लिहिलेल्या गोष्टीसाठी कुणी कुणाला फोन करायचा नाही, हे मी आजच सगळ्यांना सांगतोय. मग यादी कशाला घेतली?’’

‘‘साहेब, एक मेल टाका तसा.’’

‘‘टाकतो हो. तुम्ही करा तर आधी.’’

मी केलं. आठही हँडसेटवर केलं. मेल आला नाही. दोनदा आठवण केली, मग सोडून दिलं, कारण दुकानातली रांग संपली होती आणि मला बरं वाटत होतं. नवीन म्हणजे कुणाच्या घड्याळानं नवीन, हा प्रश्न त्या दिवशी माझ्या डोक्यात आला नाही. साहेबाच्या तर येण्याचं कारणच नव्हतं.

पालेगावला तेव्हा सात-सात मजली बिल्डिंगा उठत होत्या. बाजूला भाताची खाचरं, मधे सिमेंट. त्यातल्या एका बिल्डिंगची लिफ्ट काकांकडे होती. एका दुपारी त्यांनी तिला तेल दिलं, पेल्याच्या दहा फेऱ्या केल्या आणि लिहिलं: ‘नमस्कार. तेल दिले. पाणी सांडले नाही. चालू.’ खरी वेळ बारा वाजून दहा मिनिटं. हँडसेटची वेळ बारा पस्तीस.

त्याच दुपारी सव्वाबाराला ठाण्याच्या ऑफिसात सुटे भाग बनवणाऱ्यांकडून कळवण्यात आलं, की ब्रेकच्या पट्ट्यांची एक खेप खराब निघाली आहे. त्या मुलीनं ती खेप बसवलेल्या सहा लिफ्ट शोधल्या आणि साडेबाराला सहाही कामांवर लिहिलं: ‘लिफ्ट बंद करा. ब्रेकची पट्टी बदलेपर्यंत चालू करू नका.’ फोन करायची मनाई होती. तिनं केला नाही.

संध्याकाळी सहाला आठही मेकॅनिक आले. पाच लिफ्टचे निरोप पोचले आणि त्या पाच लिफ्ट त्याच संध्याकाळी बंद झाल्या. काकांची पडद्यावरची पट्टी भरली. बारा पस्तीस विरुद्ध साडेबारा. काकांचं लिखाण पाच मिनिटांनी नवीन ठरलं आणि तिचं पुसलं गेलं. हँडसेटवर आलंच नाही, सर्व्हरवरूनही गेलं. काका हात मागे बांधून उभे होते. मी कुठं लांब नव्हतो, समोरच बसलो होतो. पट्टी भरली तेव्हा मीच म्हटलं, ‘‘झालं काका, जा घरी.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्या बिल्डिंगमधल्या एक शिक्षिका शाळेला निघाल्या. लिफ्ट तळमजल्यावर थांबली नाही, खालच्या खड्ड्यात जाऊन आदळली. बाईंचा घोटा मोडला. जीव वाचला. पण पुढे कितीतरी महिने त्या काठी घेऊन वर्गात उभ्या राहत होत्या, हे मला माहीत आहे, कारण काका त्यांना भेटायला जात आणि येऊन मला सांगत.

साहेबानं सर्व्हर उघडला. तिथं एकच ओळ: तेल दिले, पाणी सांडले नाही, चालू. त्या मुलीचं काही नाही. साहेब तिला म्हणाला, तू लिहिलंच नव्हतंस. पाच ठिकाणी लिहिलं आणि सहावं विसरलीस.

तिचा मला फोन आला. आवाज आधी कधी ऐकला नव्हता. ‘‘दादा, मी लिहिलं होतं हो. सहाही लिहिले होते. तुमच्याकडे कुठं काही राहतं का बघा ना.’’

राहत होतं. जुळवताना दोन्हीकडे वेगळं सापडलं, तर माझ्या कॉम्प्युटरवर एका फाइलीत एक ओळ पडायची. मजकूर नाही, फक्त दोन वेळा आणि कुठलं ठेवलं ते. पालेगाव. सर्व्हर बारा तीस. हँडसेट बारा पस्तीस. हँडसेटचं ठेवलं. मी ते छापून घेतलं आणि तेव्हाच मला पंचवीस मिनिटं दिसली.

चौकशी अंबरनाथला, कंपनीच्या सुट्या भागांच्या गोदामातल्या एका खोलीत होती. मी काकांना स्टेशनबाहेरच गाठलं.

‘‘काका, नीट ऐका. हा कागद दाखवला की पोरगी सुटते. मग ते विचारतील, हँडसेट पुढे का होता. तेव्हा तुम्ही गप्प. मी बोलतो. बॅटरी उतरली की या डबड्यांचं घड्याळ बिघडतं, आठांपैकी तिघांचं बिघडलंय. मग विषय जातो त्या ‘नवीन ठेवा’वर, आणि ते कुणी करायला लावलं त्यावर. साहेब अडकतो. समजलं? तुम्ही फक्त गप्प राहा.’’

‘‘माझी बॅटरी उतरली नव्हती.’’

‘‘अहो माहितीय मला!’’

‘‘दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो मी,’’ काका म्हणाले. ‘‘ते काय भिंतीला ऐकवायला?’’

मी रस्त्यात त्यांच्यावर ओरडलो. दोन रिक्षावाले बघायला थांबले. मी म्हटलं, सौदा कसा करतात ते तुम्हाला कळत नाही, समोरच्याला काय द्यायचं आणि काय मुठीत ठेवायचं ते कळत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि घड्याळ बघून म्हणाले, ‘‘चला, उशीर होतोय.’’ उशीर होत नव्हता. पंचवीस मिनिटं होती.

आत साहेब आणि वरच्या ऑफिसातले दोघं. ती मुलगी भिंतीला टेकून उभी, पंचविशीची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. काकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं. मी कागद पुढे ठेवला आणि सगळं समजावलं. साहेबानं तो दोनदा वाचला. तो हुशार आहे, हे मी नाकारत नाही.

‘‘म्हणजे हिनं लिहिलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘मग हँडसेटची वेळ पुढची कशी? काका बारा पस्तीसला कुठे होते? वॉचमन सांगतो, सव्वाबाराला गेले.’’

मी तोंड उघडलं. ‘‘साहेब, बॅटरी...’’

‘‘घड्याळ मी पुढे लावलं होतं,’’ काका म्हणाले. ‘‘पंचवीस मिनिटं. रोज लावतो. ती मुलगी खोटं बोलत नाही. तिनं मला कधी चुकीचा पत्ता दिला नाही.’’

साहेब खुर्चीत मागे रेलला. सौदा संपल्यावर माणूस कसा रेलतो ते मी हजारदा पाहिलं आहे. मी ओरडून सांगितलं, की ‘विचारा’ ठेवलेलं होतं, ते यांनी फोन करून काढायला लावलं. ते असतं, तर काकांच्या समोर दोन्ही ओळी आल्या असत्या आणि संध्याकाळी सहालाच लिफ्ट बंद झाली असती.

‘‘मी?’’ साहेब म्हणाला. ‘‘असं लेखी काही आहे का तुमच्याकडे?’’

माझ्याकडे वायरीचं लेखी होतं. विजेचं होतं. रविवारचं होतं.

काकांना काढलं. कंपनीच्या उपकरणात जाणूनबुजून फेरफार, असं पत्रात होतं. मुलीची नोकरी राहिली. बाहेर पडताना ती काकांच्या पाया पडली. ते गडबडले, म्हणाले, ‘‘अगं, टोपी घातली होती मी त्या दिवशी.’’ मला तिथं उभं राहवलं नाही.

माझं ते काम मी त्याच महिन्यात सोडलं. साहेबाला वाटलं असेल, भाव वाढवून मागतोय. माणसं पाठवली त्यानं. मी शटर अर्धं ओढून घेतलं.

पुढे काही महिन्यांनी काका अंबरनाथ सोडून मुलाकडे बदलापूरला गेले. जुनी तीन मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही. दोनदा गेलो मी. पहिल्यांदा गेलो तेव्हा ते जिन्यावरच भेटले, भाजीची पिशवी घेऊन, एका पायरीवर टेकलेले. पान्यांची पिशवी मुलानं भंगारात दिली होती. पेला घरात होता, त्यात सून चमचे ठेवायची.

मी सवयीनं त्यांच्या मनगटाकडे पाहिलं आणि माझ्या घड्याळाकडे पाहिलं. दोन्ही सारखी होती.

‘‘काका, हे काय?’’

‘‘आता कोण वाट बघतंय मालक?’’ ते म्हणाले. ‘‘कुठे आधी पोचायचंय?’’

मग म्हणाले, ‘‘त्या गृहस्थांसाठी लावलं होतं. आणि बाई पडल्या त्यानंच. मी दोन्ही वेळा...’’ आणि पिशवी उचलली. मी घ्यायला गेलो, तर दिली नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा वह्या-कागदांच्या शेल्फावर त्यांचा फोटो होता, खाली मेणबत्ती, शेजारी ते मनगटी घड्याळ. चालू होतं, बरोबर वेळ दाखवत होतं. मुलगा म्हणाला, शेवटी शेवटी बोलायचेच नाहीत, फक्त कुणी दार वाजवलं की दचकून उठायचे, आलो आलो म्हणत. त्या मुलीला मी फोन करून कळवलं. ती म्हणाली, ‘‘ठीक आहे दादा,’’ आणि रडायला लागली.

काकांनी आपला वाटा कबूल केला, तोही कुणी मागायच्या आधी. माझाही मी इथं मांडला आहे. त्यांच्या घड्याळाला मोकळीक दिली ती मी, आणि रांग संपावी म्हणून तोंडी शब्दावर बटण दाबलं तेही मीच. शिक्षिकाबाईंना मी हे त्यांच्या दारात जाऊन सांगितलं आहे. त्यांनी दार लावून घेतलं, तो त्यांचा हक्क.

राहिलात तुम्ही, साहेब. तुम्ही आता मोठ्या ऑफिसात बसता असं ऐकतो. माणसाला विचारणं बंद करा, असं कोण म्हणालं होतं? मुलीनं मेकॅनिकला फोन करायचा नाही, असं कोण म्हणालं होतं? अंबरनाथच्या त्या खोलीत एका म्हाताऱ्यानं स्वतःचं नाव पुढे केलं, तेव्हा तुम्ही ‘मी?’ म्हणालात. त्याच्या पुढचं वाक्य अजून बाकी आहे. ते सांगा. काकांच्या मुलाला सांगा, बाईंना सांगा, मला सांगा.

आणि या वेळी लेखी.